बेहिशेबी पाणी

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण रस्त्याखालची पाइपलाइन कुठे गळतेय ते तो नुसतं ऐकून सांगायचा. हातात छातीएवढी उंच लोखंडी दांडी आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. दांडी डांबरावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. धड पाइपातलं पाणी गप्प असतं, फुटक्या पाइपातलं सुसकारे टाकतं. सुसकारा ऐकू आला की तो खडूने रस्त्यावर फुली मारायचा, नाही आला की गोल. फुलीवर खोदाईवाले यायचे, गोलावरून गाड्या जायच्या. त्याची फुली कधी चुकली नव्हती. खात्याने मध्यंतरी याच कामासाठी एक महागडं यंत्र आणलं होतं. ते लवकरच कपाटावर जाऊन बसलं, आणि आता त्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवतं.

त्या वर्षी ‘थेंब न् थेंब’ योजना आली. प्रत्येक शहराने आपलं बेहिशेबी पाणी निम्म्यावर आणायचं, असा वरून हुकूम होता. टाकीतून जेवढं पाणी सुटतं आणि घरोघरच्या मीटरवर जेवढं उमटतं, त्या दोहोंतली तफावत म्हणजे बेहिशेबी पाणी. योजना वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोला. नदी दरवर्षी अंग चोरत होती आणि शहर मात्र घरच्या जावयासारखं हात सैल सोडून वापरत होतं. योजनेसाठी एक नवी इंजिनिअर बाई आली. वयाने लहान, कामाला वाघ, मनाने सरळ. तिने भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि जिथे तफावत जास्त, तो भाग लाल रंगवला. तिचा हिशोब सोपा होता. पाणी हरवलं म्हणजे एकतर गळलं, नाहीतर कुणी चोरलं. तिसरी वाट नाही.

सगळ्यात लाल होता चढावरचा भाग. तिथे पाइपलाइन रस्त्याच्या वळणाखालून चढत जाऊन वरच्या गल्लीत संपायची. वरच्या गल्लीतले नळ वर्षानुवर्षं दम्याचे पेशंट होते. आधी खोकायचे, मग थोडं थुंकायचे. आणि रस्त्याच्या वळणाच्या खाली, दगडी भिंतीच्या पलीकडे, कानसेनच्या ताईची रोपवाटिका होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा जेमतेम चालायला लागला होता. ताईने शाळा सोडली आणि याला कडेवर घेऊन संसार केला, तोही आईबापाचा. पुढे तिचं लग्न झालं, नवराही लवकर गेला आणि मागे तिच्या वाट्याला आला तो रस्त्याखालचा खडकाळ उतार. तिथे गवतसुद्धा उगवताना नाक मुरडायचं. पण वरचा रस्ता रुंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षी भिंतीच्या पायथ्याशी पाणी पाझरायला लागलं. पुढे त्याची बोटभर धार झाली आणि ती कधी आटली नाही. ताईने पोत्यांनी माती आणली, वाफे केले, बाटल्यांना भोकं पाडून थेंब-थेंब पाणी द्यायची सोय केली. अर्ध्या शहराच्या खिडक्यांतली झाडं आता तिच्याकडची होती. इंजिनिअर बाईने तर एकदा बाहेरगावचे पाहुणे आणून ती जागा दाखवली आणि फाटकावर खात्याची पाटी ठोकली: नैसर्गिक झऱ्याचा काटकसरीने वापर, आदर्श केंद्र. ताई पाटी रोज पुसायची.

एका सकाळी, वर्दळ सुरू व्हायच्या आत, कानसेन वळणावर आला. दांडी टेकवली, वाटीला कान लावला आणि दचकून मागे सरला. सुसकारा कसला, खाली पाणी घसा ताणून ओरडत होतं. तो दांडी टेकवत टेकवत उताराने सरकला. आवाज वाढत गेला आणि ऐन ताईच्या भिंतीच्या डोक्यावर सगळ्यात मोठा झाला. तिथून पुढे काही नाही.

त्याला समजायला वेळ लागला नाही. उलट, इतकी वर्षं कसं समजलं नाही याचीच त्याला लाज वाटली. त्या झऱ्याचं पाणी तो ओंजळीने प्यायला होता, वर गोड आहे म्हणाला होता. शहरभर कान लावत फिरला आणि बहिणीच्या दारातल्या पाण्याला कान लावायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

भिंतीखाली वाफ्यांमध्ये वाकलेली ताई उठून उभी राहिली. तिने त्याला पाहिलं, मातीचा हात हलवला.

"चहा टाकते रे. असाच पळू नको."

तो हो म्हणाला. खिशातून खडू काढला. फुली मारायला दोन रेघा लागतात. एकही रेघ हातून निघेना. त्याने गोल मारला.

आधी ताईला सांगू, तिला दुसरी काही सोय करू दे, मग फुली मारू, असं त्याने मनाशी ठरवलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला वकील लागत नाही.

खाली गेला तर झऱ्यापाशी वरच्या गल्लीतल्या बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे टेलरबाई. एका खोलीत मशीन, दुसऱ्या खोलीत संसार, आणि गळ्यात कायम मोजायची फीत. घाईत ती फीत काढायचीही विसरायची. नळाला पाणी नसलं की या बायका खाली यायच्या.

"आधी माझी रोपं, मग तुम्ही," ताई म्हणत होती. "रोपांना तोंड नाही, तुम्हाला आहे. थांबा जरा."

"थांबतो हो ताई," टेलरबाई म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून आमच्या घरात चूल पेटते. नाहीतर काय करणार होतो आम्ही?"

ताईला ते आवडायचं. कुणाला नाही आवडत? तिने प्रत्येकीचा कॅन काठोकाठ भरू दिला, सांडू नका म्हणून दटावलं, आणि त्या चढ चढून दिसेनाशा झाल्यावर भावापुढे चहा ठेवला.

"गरीब आहेत, पण सगळ्याच सरळ नाहीत हं," ती म्हणाली. "वर कुणीतरी मधल्यामध्ये पाणी ओढतं, असं म्हणतात. मी तर तोंडावर सांगते, चोरता कशाला? माझ्याकडे मागा, मी देते. देवाने मला दिलंय, मी का नाही म्हणू?"

कानसेनने चहा संपवला. चहा फार गरम होता, जीभ भाजली, पण त्याने काही म्हटलं नाही. सांगायचं होतं तेही म्हटलं नाही.

चार दिवसांचे आठवडे झाले. घरी तो बोलेनासा झाला. बायको म्हणाली, "लोकांचे आधी कान जातात, तुमचं आधी तोंड गेलं." खात्यात इंजिनिअर बाईने त्याला नकाशापुढे उभं केलं.

"सगळीकडे उतरतंय काका, हा एवढाच भाग ढिम्म आहे. वळणापासून गल्लीपर्यंत तुम्ही सगळीकडे गोल दिलाय. बरोबर ना?"

"हो."

"पुन्हा एकदा ऐकायचं का?"

तीच वेळ होती. बाईने दार उघडून धरलं होतं, याला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"ऐकलंय नीट," तो म्हणाला.

"मग झालं. यंत्र चुकेल, तुम्ही चुकणार नाही. गळती नाही म्हणजे चोरी आहे."

त्या एका वाक्यावर वरच्या गल्लीच्या दारादारावर नोटिसा लागल्या. चोरटी जोडणी सापडेपर्यंत पाणी दिवसातून एकदा, तेही थोडा वेळ. मग घरं तपासायचं ठरलं. लपवलेला पाइप ऐकायला कोण? कानसेनच. तो दांडी घेऊन खात्याच्या तपासणी पथकाबरोबर घराघरांत फिरला. लोकांनी भांडी हलवून जागा करून दिली. एका घरात म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून बाजूला ठेवलं. ज्या पाण्याचा ठावठिकाणा त्याला पक्का माहीत होता, ते शोधायचं नाटक तो लोकांच्या चुलीपाशी करत होता. याहून हलकं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि हे त्याला तिथेच, तेव्हाच कळत होतं.

टेलरबाईचं मीटर बारीक आकडा दाखवायचं. एवढ्या पाण्यात घर कसं चालतं, असं इंजिनिअर बाईला वाटलं. घर ताईच्या झऱ्यावर चालत होतं, पण ते मीटरला काय ठाऊक. टेलरबाईने स्वयंपाकघर रिकामं करून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"नीट ऐका हं," ती कानसेनला म्हणाली. "तुम्ही ताईंचे भाऊ. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

त्याने दांडी टेकवली, कान लावला. खाली काही नव्हतंच.

"काही नाही," तो म्हणाला.

"दांडीला सगळंच ऐकू येतं असं नाही," पथकाचा मुकादम म्हणाला. "आकडा खोटं बोलत नाही. फोडा."

तेव्हा बोलायला हवं होतं. तो दांडीला धरून उभा राहिला आणि त्यांनी फरशी फोडली. खाली माती निघाली, नुसती कोरडी माती. मुकादमाने शेजारची फोडली, मग त्याच्या शेजारची. मग "भरून देऊ नंतर" असं सांगून सगळे निघाले. टेलरबाई खाली बसून तुकडे गोळा करत होती, कडा जुळवून बघत होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला तुटलेलं जोडता येईल असं वाटतं. ते काही जुळेना.

कानसेन तिथून निघाला तो सरळ वळणावर आला. रहदारी चालू होती, ऐकायची गरजच नव्हती. खडू काढून त्याने एवढी मोठी फुली मारली की दोन गाड्या थांबल्या.

तरीही खरं नाहीच बोलला. "परवापर्यंत आवाज नव्हता, नवीनच फुटली असणार," असं त्याने खात्यात सांगितलं, आणि बाईने विश्वास ठेवला. खोदलं तर पाइप हातभर चिरलेला. चीर जुनी होती, कडा गंजून झिजल्या होत्या, पण चिखलात उतरून ते बघतो कोण. पाइप बदलला. संध्याकाळपर्यंत वरच्या गल्लीत नळ धो धो वाहायला लागले. नकाशावरचा लाल रंग पुसला गेला, वरून शाबासकी आली, आणि बाईने सगळ्यांना कानसेनसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. गल्लीची माफी मागायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. दारावरच्या नोटिसा तशाच राहिल्या.

ताईची धार आधी बारीक झाली, मग थेंबावर आली, मग भिंत नुसती ओली दिसायला लागली. शेवटी तीही वाळली. ताईने निरोप पाठवला: दांडी घेऊन ये.

तो गेला तेव्हा ती भिंतीशी उकिडवी बसली होती. वाफ्यांतली कोवळी रोपं माना टाकून पडली होती. नेहमी कडक बोलणारी ताई त्या दिवशी फार हळू बोलली.

"तुला जमिनीखालचं ऐकू येतं ना? बघ जरा कुठे वळलाय तो. मी म्हटलं, माझ्या हातून काही चुकलं का? कुणाला नाही म्हटलं का पाण्याला? आठवून बघते, तर तसं काही नाही."

त्याने दांडी टेकवली. वाटीला कान लावला. ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. लहानपणी ताप आला की ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची, तेव्हा तो असाच तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. खाली दगड होता, माती होती, आवाज नव्हता.

"ताई, झरा नव्हता तो," तो म्हणाला. "वरच्या रस्त्याखालचा आमचा पाइप फुटका होता. त्याचं पाणी इथे उतरायचं. आता मी तो बंद करवला."

ताईने कोरड्या भिंतीवर हात ठेवला.

"मला आधीच कळलं होतं. तू चहाला हाक मारलीस ना, त्या दिवशी. मी गळती नाही म्हणून खूण केली. तुझं जाईल म्हणून." मग त्याने उरलेलंही सांगितलं. नोटिसा, झडत्या, फोडलेल्या फरशा.

"म्हणजे वर पाणी नव्हतं ते..."

"इथे होतं."

ताईने फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"आधी माझी रोपं, मग तुम्ही," ती म्हणाली. "त्यांना मी त्यांच्याच पाण्यासाठी ताटकळत ठेवत होते. वर चोर म्हणत होते. आणि त्या मला हात जोडायच्या रे."

"तुला काय माहीत होतं, ताई? दोष माझा आहे."

"तुझा दोष तू ठेव. माझ्या तोंडून गेलंय ते मी कुठे ठेवू?"

त्याला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. तसाच दुसरा धोंडा त्याने ताईच्या छातीवर ठेवला होता, एवढंच झालं.

तेवढ्यात फाटक वाजलं. टेलरबाई आत आली, गळ्यात फीत, दोन्ही हातांत भरलेले कॅन. तिच्या मागे गल्लीतल्या आणखी काही बायका, त्यांच्याही हातांत कॅन.

"ताई, झरा आटला म्हणे. कळवायचं नाही का?" ती धापा टाकत म्हणाली. "आता आमच्याकडे रग्गड आहे, तुमच्या भावाच्या कृपेने. एवढी वर्षं तुम्ही दिलंत, आता आमची पाळी. कुठल्या वाफ्यापासून ओतू?"

ती कॅन तिरपा करायला लागली. ताईने तिचं मनगट धरलं.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि भावाकडे पाहिलं.

ती स्वतः सांगू शकली असती. तिने त्याच्यासाठी ठेवलं. झरे काय, येतात आणि आटतात, असं म्हणून तो सुटला असता, आणि कदाचित ताईही गप्प राहिली असती. त्याने त्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं.

"माझ्या स्वयंपाकघरात कान लावून उभे होतात," टेलरबाईने विचारलं, "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मागची एक म्हणाली, "चला गं, आपलं पाणी घेऊन घरी चला." दोघीतिघींनी कॅन उचललेसुद्धा. टेलरबाई वाफ्यांकडे बघत होती.

"रोपांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली आणि वाकून कॅन रिता केला. सावकाश, एकेका रोपाच्या बुडाशी. मग दुसरा. मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही ओतायला लागल्या. ताई तिथेच खाली बसून रडत होती. तिची समजूत कुणी घातली नाही.

टेलरबाईने रिकामा कॅन कानसेनपुढे धरला.

"आधी त्या तुमच्या बाईंना सांगा. मग उद्यापासून या रोपांना पाणी तुम्ही आणायचं, आमच्या गल्लीतून. रोज नवं घर. दार वाजवायचं, आणि पाणी मागायच्या आधी का मागताय ते सांगायचं. सगळं. आत्ता सांगितलंत तसं."

इंजिनिअर बाईने ऐकून घेतलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्या कानाच्या भरवशावर मी अख्ख्या गल्लीला चोर ठरवलं," एवढंच ती म्हणाली. ती ओरडली नाही, त्याची दांडी मागून घेतली. मग शिपायाला न पाठवता स्वतः गल्लीत गेली आणि दारादारावरच्या नोटिसा नखांनी खरवडून काढल्या. कुणी तिला पाणी विचारलं नाही. कानसेनची रवानगी मीटरच्या गोदामात झाली, चौकशी संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅन घेऊन चढ चढला. गल्लीतलं पहिलं घर म्हाताऱ्याचं होतं. झडतीच्या दिवशी ज्याला खाटेसकट उचललं होतं, तोच. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. आतून नळाचा आवाज येत होता. मग त्याने वाजवलं.

म्हाताऱ्याने दार उघडलं, डोळे बारीक करून पाहिलं.

"अरे, पाणीवाले साहेब. पुन्हा तपासणी का? या, या. खाट सरकवू?"

"नको," कानसेन म्हणाला. त्याने कॅन उंबऱ्याबाहेर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.